गळालेले हात आणि एक अवघड पत्र

बायबलच्या नव्या करारातल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राला पत्राची सुरुवातच नाही. पौलाचं कुठलंही पत्र उघडा, पहिल्या ओळीत कोणी कोणाला लिहिलं ते कळतं, मग कृपा आणि शांती, मग बहुधा उपकारस्तुती. इथे नाव नाही, गाव नाही, सलाम नाही. देव पूर्वी संदेष्ट्यांच्या तोंडून वेळोवेळी बोलला आणि आता पुत्राच्या द्वारे बोलला, असं एक लांब, डौलदार वाक्य थेट सुरू होतं आणि पहिली चार वचनं संपेपर्यंत थांबत नाही. पत्राच्या खुणा दिसतात त्या थेट शेवटच्या, तेराव्या अध्यायात. तीमथ्य सुटला आहे, तो लवकर आला तर त्याच्याबरोबर तुम्हांला भेटेन, इटलीकडचे लोक सलाम सांगतात. आणि त्याच्या आधी एक विनंती: हे बोधवचन ऐकून घ्या, मी थोडक्यातच लिहिलं आहे.

‘बोधवचन’ हाच शब्द ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, पिसिदियातल्या अंत्युखियाच्या यहुदी सभास्थानात येतो. नियमशास्त्र वाचून झाल्यावर तिथले अधिकारी पाहुण्यांना विचारतात, लोकांसाठी काही बोधवचन असेल तर सांगा. म्हणजे आपण वाचतो आहोत ते मुळात कुणाच्या तरी तोंडचं प्रवचन असावं. बोलणारा दूर होता, यायला जमत नव्हतं, म्हणून लिहून पाठवलेलं. हे एकदा मनात बसलं की वाचण्याची पद्धत बदलते. मी आता हे पत्र मोठ्याने वाचते. डोळ्यांनी वाचताना गुंतागुंतीची वाटणारी वाक्यं कानाला सरळ लागतात.

ज्यांना लिहिलं त्यांची नावं कुठेच नाहीत. ‘इब्री लोकांस’ हा मथळा जुना आहे, इ.स. २०० च्या सुमाराच्या पपायरसच्या हस्तलिखितात तो आहे (त्या वहीत हे पत्र रोमकरांस पत्राच्या लगेच पुढे ठेवलेलं आहे), पण तो लेखकानेच घातला असेल असं नाही. तरी माणसं दिसतात. दहाव्या अध्यायात तो त्यांना जुने दिवस आठवायला सांगतो. तुमची चारचौघांत निंदा झाली, तुम्ही तुरुंगातल्यांच्या दुःखात सामील झालात, तुमची मालमत्ता लुटली गेली तेव्हा तेही आनंदाने सोसलंत. बाराव्यात म्हणतो, अजून रक्त सांडेपर्यंत वेळ आलेली नाही. आणि या दोन्हींच्या आधी, दहाव्यातच, त्याची खरी काळजी येते: काही जण एकत्र जमणं सोडून देऊ लागले आहेत.

पुष्कळ अभ्यासकांना ही माणसं रोममधली वाटतात, आणि मलाही तेच पटतं. इटलीकडच्यांचा सलाम आहेच. शिवाय इ.स. ९६ च्या सुमारास रोमच्या मंडळीने करिंथला जे पत्र पाठवलं, ते क्लेमेंटच्या नावाने ओळखलं जातं, त्यात या पत्रातली वाक्यं जवळजवळ तशीच येतात. म्हणजे रोममध्ये ते तोवर मुरलेलं होतं. इ.स. ४९ च्या सुमारास क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोममधून हाकललं, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला तेव्हाच करिंथला आले. लुटलेल्या मालमत्तेचा संबंध त्या हकालपट्टीशी असेल, तर हे लोक एकदा घरदार गमावून पुन्हा उभे राहिलेले होते. नीरो कैसराने ख्रिस्ती लोकांचा केलेला छळ इ.स. ६४ चा. त्याच्या आधीची ही शांतता असेल, तर तीही भरवशाची नव्हती. पहिल्या वेळी माणूस उमेदीच्या जोरावर सोसतो. नंतर वर्षं जातात, येणार येणार म्हटलेला प्रभू येत नाही, शेजारी तुसडेपणाने वागतात ते वागतातच. अशा माणसाला जुनं सभास्थान, जुने सण, जुन्या ओळखी खुणावू लागल्या तर त्यात नवल कसलं? तिथे कायद्याचं थोडं संरक्षण होतं आणि सगळं आयुष्य तिथेच गेलेलं होतं. लेखक या थकव्याला नावही देतो: गळालेले हात, लटपटणारे गुडघे. शब्द यशयाचे आहेत, पण इथे ते समोर बसलेल्या माणसांकडे बघून उच्चारल्यासारखे येतात.

मला या पत्राचं सगळ्यांत मोठं वैशिष्ट्य वाटतं ते हे, की अशा थकलेल्या लोकांना त्याने अवघड अभ्यास दिला.

आपण काय करतो? कोणी खचलं की एखादं धीराचं वचन सांगतो, प्रार्थना करतो, चहा घेतो. आमच्या बायकांच्या शास्त्राभ्यासात हे पत्र आलं की अकरावा अध्याय ठरलेला. हाबेल, हनोख, नोहा, अब्राहाम, सारा, मोशे, राहाब. तो सुंदर आहे, पाठ आहे, त्यातलं पहिलं वचन कित्येक घरांच्या भिंतींवर आहे. सातव्यापासून दहाव्यापर्यंतचे अध्याय मात्र वाचून दाखवायचे आणि पुढे जायचं, ही रीत. यंदा आम्ही ठरवून त्या चार अध्यायांतच बसलो. लेखकाने त्यांना मध्यभागी ठेवलं आहे, पत्राचा सगळा भार त्यांच्यावर आहे. पाचव्या अध्यायाच्या शेवटी तो वाचकांना खडसावतो की एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं आणि तुम्हांला अजून दूधच लागतं. आणि मग त्यांना दूध न देता तो जड अन्नच वाढतो. त्याचा त्यांच्यावर विश्वास होता, दुसरं काय म्हणायचं!

तो शिकवतो कसा, ते ९५व्या स्तोत्रात बघावं. स्तोत्र गाण्याने सुरू होतं, या, आपण परमेश्वराचा जयजयकार करू. मध्येच सूर बदलतो: आज तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर आपली मनं कठीण करू नका, रानात तुमच्या वाडवडिलांनी केली तशी. रानातली ती गोष्ट गणनाच्या पुस्तकातली. वचनदत्त देशाच्या उंबरठ्यावर हेर पाठवले, बहुतेकांनी येऊन भीती घातली, लोक रडले, परत मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊ म्हणाले, आणि ती सगळी पिढी ४० वर्षांत रानातच संपली. आता लेखक विचारतो: यहोशवाने पुढच्या पिढीला त्या देशात नेलं, विसावा मिळाला, मग इतक्या काळानंतर दाविदाच्या स्तोत्रात पुन्हा ‘आज’ कशाला? विसावा संपूर्ण मिळाला असता तर देव नंतर दुसऱ्या दिवसाबद्दल बोललाच नसता. म्हणून देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अजून राहिलेला आहे. एका शब्दावर बोट ठेवून तो दीड अध्याय बोलतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं की ते रान आपलं आहे, मिसरात परत जाण्याची ओढ आपली आहे, आणि दार अजून उघडं आहे. आजही पुष्कळ यहुदी सभास्थानांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाचं स्वागत होतं ते याच ९५व्या स्तोत्राने. ती प्रथा फार नंतरची, सोळाव्या शतकातल्या, गालीलातल्या सफेद नावाच्या गावची. पण ते स्तोत्र आणि विसाव्याचा दिवस यांची जोडी दोन्हीकडे जुळलेली आहे, याचं मला फार वाटतं.

नवव्या अध्यायासाठी मात्र जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचा सोळावा अध्याय उघडावाच लागतो. वर्षातून एक दिवस, प्रायश्चित्ताचा. प्रमुख याजक अंग धुतो आणि नेहमीची सोन्याची, रंगीत वस्त्रं बाजूला ठेवून साधी तागाची वस्त्रं घालतो. आधी स्वतःसाठी आणि आपल्या घराण्यासाठी गोऱ्हा. मग लोकांसाठी दोन बोकड, त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकायच्या, एक परमेश्वराचा, दुसरा रानात सोडायचा. धुपाटण्यात वेदीवरचे निखारे, ओंजळभर बारीक कुटलेला धूप. अंतरपटाच्या आत गेल्यावर धूप निखाऱ्यांवर घालायचा, म्हणजे धुराने दयासन (कराराच्या कोशाचं झाकण) झाकलं जाईल आणि तो मरणार नाही. मग बोटाने रक्त शिंपडायचं, सात वेळा. तो आत असताना दर्शनमंडपात, म्हणजे त्या उपासनेच्या तंबूत, दुसरं कोणी असता कामा नये. एवढं मोठं राष्ट्र बाहेर आणि आत एकटा माणूस, धुरात. सगळं आटोपल्यावर तो जिवंत बोकडाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापं बोलून दाखवतो, आणि ते जनावर ओसाड रानात नेऊन सोडलं जातं. पुढल्या वर्षी पुन्हा हेच.

या ‘पुन्हा’वर लेखक थबकतो. ज्याने मन खरोखर शुद्ध झालं असतं ते दर वर्षी का करावं लागलं असतं? उलट दर वर्षी पापांची आठवणच होते. मग तो ख्रिस्ताला त्या अंतरपटातून आत जाताना दाखवतो, स्वतःचं रक्त घेऊन, एकदाच. आणि दहाव्या अध्यायात एक बारीकशी गोष्ट सांगतो: प्रत्येक याजक रोज उभा राहून सेवा करतो, पण हा मात्र एकच यज्ञ करून बसला. आम्ही हे वाचत होतो तेव्हा आमच्यातल्या एक निवृत्त परिचारिका, सहसा न बोलणाऱ्या, म्हणाल्या, “काम संपल्याशिवाय वॉर्डात कोणी बसत नाही.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “म्हणजे माझ्यासाठीचं काम संपलंय.” त्यांनी ३०-३५ वर्षं पायांवर काढलेली. या वचनावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, पण ते असं कोणाला लागलेलं पहिल्यांदा पाहिलं. चार अवघड अध्याय वाचल्यावरच ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं. सुरुवातीलाच धीराचं वचन म्हणून ते हातात दिलं असतं तर चांगलं आहे म्हणून वहीत उतरवून घेतलं असतं, इतकंच.

मल्कीसदेकाने मात्र आम्हांला दमवलं. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात तीन वचनांपुरता येतो, शालेमचा राजा, परात्पर देवाचा याजक, भाकर आणि द्राक्षारस आणतो, अब्राहामाला आशीर्वाद देतो, दशमांश घेतो आणि नाहीसा होतो. नंतर ११०व्या स्तोत्रात एका ओळीत. बस. लेखक मात्र जे लिहिलेलं नाही त्यावरही बोट ठेवतो: याचा बाप सांगितलेला नाही, आई नाही, वंशावळ नाही, जन्म-मृत्यू नाही. आपल्याला ही ओढाताण वाटते. पण त्या काळी या गूढ याजकाने इतर यहुदी वाचकांनाही झपाटलेलं होतं. मृत समुद्राकाठी कुमरानच्या अकराव्या गुहेत १९५६ साली सापडलेल्या गुंडाळ्यांत एक मल्कीसदेकाबद्दल आहे, ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात तो शेवटच्या काळी बंदिवानांना सोडवणारा स्वर्गीय न्यायाधीश आहे. म्हणजे आपला लेखक परका तर्क लढवत नव्हता. त्याच्या लोकांत जे प्रश्न विचारले जात होते तेच घेऊन तो उभा होता.

आता सहावा अध्याय. तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली आणि जे मग पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असं तिथे लिहिलं आहे. इ.स. २५० मध्ये डेसियस कैसराने सगळ्यांना देवतांना बळी अर्पून तसा दाखला घ्यायला लावलं. जिवाच्या भीतीने अनेक ख्रिस्ती लोकांनी तो घेतला. छळ ओसरल्यावर हे लोक रडत परत आले तेव्हा रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूने त्यांना दार बंद केलं, आणि पुढे त्याच्या अनुयायांनी हेच वचन पुढे केलं. पश्चिमेकडच्या मंडळ्यांत हे पत्र मान्य व्हायला इतका उशीर झाला, त्यामागे लेखक कोण हे माहीत नसणं हे कारण होतंच, पण ही कठोर वचनंही होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस, ३९३ ला हिप्पो आणि ३९७ ला कार्थेज इथल्या उत्तर आफ्रिकेतल्या सभांत ते नव्या कराराच्या यादीत आलं.

मी त्या वचनाला मऊ करायचा प्रयत्न करत नाही. फक्त पुढची ओळ वाचते. एवढं भयंकर बोलून झाल्यावर लगेच तो म्हणतो, प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या गोष्टींची खातरी आहे. संपूर्ण पत्रात तो त्यांना ‘प्रियजनहो’ म्हणतो ते इथे, एकदाच. आणि पुढे: तुमचं काम आणि प्रीती विसरायला देव अन्यायी नाही. हे बोलणं जाऊ पाहणाऱ्या माणसाचा हात धरून केलेलं आहे. रडत परतलेल्याच्या तोंडावर दार लावण्यासाठी ते वापरलं गेलं याचं मला आजही दुःख होतं.

त्याहून मोठं दुःख आठव्या अध्यायाचं. पहिला करार जुना झाला, आणि जे जुनं होतं ते नाहीसं होण्याच्या बेतात असतं, या वाक्याचं पुढे यहुद्यांविरुद्ध हत्यार झालं. शतकानुशतकं ख्रिस्ती व्यासपीठांवरून सांगितलं गेलं की तुमचं संपलं. लिहिणारा मात्र आतला माणूस होता. तो ज्या नव्या कराराबद्दल बोलतो तो यिर्मयाने इस्राएलाच्या आणि यहूदाच्या घराण्याशी होणार म्हणून सांगितलेला आहे. अब्राहामापासूनचे त्याचे सगळे वीर इब्रीच आहेत, नाहीतर राहाबेसारख्या त्यांच्यात आलेल्या. त्याच्या प्रवचनाचा एकूण एक धागा त्यांच्या शास्त्रातला आहे. आपण बाहेरून येऊन ते वाक्य उचललं आणि घरच्याच माणसांवर उगारलं.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं. हे पत्र त्या आधीचं की नंतरचं यावर वाद आहे. मला आधीचं वाटतं, कारण याजकांची सेवा चालू असल्यासारखा तो बोलतो आणि मंदिर पडलं हा सर्वांत सोयीचा पुरावा कुठेच देत नाही. पण त्या नाशानंतरची एक यहुदी कथा मी या पत्राच्या शेजारी ठेवते. रब्बी योहानान बेन झक्काई यरुशलेमहून निघालेले, मागून रब्बी यहोशवा. उद्ध्वस्त मंदिर पाहून यहोशवा विलाप करतात, इस्राएलाच्या पापांचं प्रायश्चित्त जिथे होत होतं ती जागाच गेली. योहानान म्हणतात, बाळा, दुःख करू नकोस, तसंच दुसरं प्रायश्चित्त आपल्याकडे आहे, दयेची कामं. आणि होशेयाचं वचन सांगतात: मला यज्ञ नको, दया हवी. आपलं पत्र तेराव्या अध्यायात म्हणतं, ओठांचं फळ म्हणजे स्तुतीचा यज्ञ अर्पण करा, आणि चांगलं करायला व दान करायला विसरू नका, अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो. वाटा वेगळ्या झाल्या हे खरं, आणि ख्रिस्ताबद्दल या पत्राचं जे म्हणणं आहे ते माझं आहे. तरीही वेदी नसलेल्या जगात देवाला काय वाहायचं, याचं उत्तर दोन्हींकडे एकाच शास्त्रातून आलं.

या शोधात आपल्या कोकणातही एक दार सापडतं. अलिबागच्या आसपासच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल यहुदी, ज्यांना शेजारी शनिवार तेली म्हणत, त्यांच्याकडे शतकानुशतकं मंदिर नव्हतं, याजक नव्हते, नियमशास्त्राच्या गुंडाळ्याही नव्हत्या. सुंता होती, शब्बाथ होता, ‘शमा’ ही देव एकच असल्याची प्रार्थना होती. आणि प्रायश्चित्ताचा दिवस होता. त्याला ते दारफाळणीचा सण म्हणत. पांढरे कपडे, कडक उपास, घरांची दारं बंद. लेवीयातला तो धूप, तो अंतरपट, ते दोन बोकड, यातलं काहीही हाताशी नसताना मराठी बोलणारी ही माणसं तो दिवस पाळत राहिली. नववा अध्याय शिकवताना मी आता हे सांगते. आपण ज्यांच्या सणाबद्दल वाचतोय ते लोक कुठल्या तरी प्राचीन चित्रातले नाहीत, ते आपल्या भाषेतले शेजारी आहेत.

आणि छावणीबाहेर जाणं काय असतं, हे मराठी ख्रिस्ती घरांना वेगळं सांगायला नको. येशूने वेशीबाहेर सोसलं, म्हणून आपण त्याची अप्रतिष्ठा सोसत छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ या, असं तेराव्या अध्यायात आहे. १८५० च्या २१व्या कायद्याने धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क वाचवला, याचा अर्थ त्या आधी तो जात होता. घर, शेत, भावकी, सगळं. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या, काही वर्षांनी नवऱ्याकडे आल्या, आणि तिथेही सोवळं काही काळ पाळत राहिल्या. त्यांनी स्वतः ते सगळं लख्खपणे लिहून ठेवलं आहे. पत्रातलं जुन्याबद्दलचं ओढलेपण मला लक्ष्मीबाईंमुळे कळतं. जुनं म्हणजे फक्त मत नसतं, त्यात आई असते, स्वयंपाकघर असतं.

लेखक कोण, याचं उत्तर मिळत नाही. प्राचीन लेखक टर्टुलियन पौलाचा सोबती बर्णबा म्हणाला, ल्यूथरला अपुल्लो वाटला, १९०० साली जर्मन अभ्यासक हार्नाकने प्रिस्किल्लाचं नाव पुढे केलं. प्राचीन काळचा अभ्यासक ओरिगेन म्हणाला, कोणी लिहिलं ते देवालाच ठाऊक. आमच्या गटात प्रिस्किल्लाला भरघोस मतं पडली. माझं मत अपुल्लोला, कारण तो अलेक्झांड्रियाचा, वक्तृत्ववान आणि शास्त्रात प्रवीण होता असं प्रेषितांची कृत्ये सांगतात.

पुढच्या महिन्यापासून आम्ही लेवीय वाचायला घेतो आहोत, अगदी पहिल्या अध्यायापासून. ही सूचना त्या परिचारिकाबाईंचीच. काही जणींनी नाक मुरडलं, होमार्पणं आणि शांत्यर्पणं कोण वाचणार म्हणून. मी पहिल्या सात अध्यायांतल्या अर्पणांचा तक्ता करून ठेवला आहे: कोण आणतो, काय आणतो, गरिबाला काय चालतं. पाचव्या अध्यायात लिहिलं आहे की ज्याला मेंढरू परवडत नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं आणावीत, आणि ज्याला तेही जमत नाही त्याने थोडा सपीठ आणावा, त्यात तेल नको, धूप नको, तेवढ्याने त्याचं प्रायश्चित्त होईल. पहिल्या बैठकीत सुरुवात तिथूनच करायची असं ठरलंय.